शिलेदाराचा घोडा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



लष्करावर बोलायला कवीला बोलावलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, आता हा सीमेवरच्या जवानांवर एखादी कविता म्हणून दाखवणार. तशी भीती बाळगू नका. मला आज बोलायचंय ते विमानांच्या सुट्या भागांवर, दुरुस्तीच्या कंत्राटांवर आणि त्या कंत्राटांतल्या एका शब्दावर. शब्द हा माझ्या धंद्याचा माल. तेवढाच काय तो या विषयातला माझा अधिकार.

आधी 'रसद' हा शब्द घेऊ. तो फारसीतून आला. 'रसीदन' म्हणजे पोचणं. त्याच कुळातला दुसरा शब्द 'रसीद', म्हणजे पावती. एकाच घरातली ही दोन भावंडं. रसद म्हणजे फौजेपर्यंत पोचलेला माल आणि रसीद म्हणजे पोचल्याचा कागद. सरकारी कारभाराचा ज्याला थोडाफार अनुभव आहे त्याला ठाऊक असतं, की पुष्कळदा रसीद फायलीत लागलेली असते आणि रसद अजून वाटेतच असते.

वर्तमानपत्रात आपण वाचतो की अमुक देशाकडे इतकी विमानं, तमुक देशाकडे तितकी. आकडे वाचून छाती फुगते किंवा धडधडते. पण यातली आज सकाळी उडू शकतील अशी किती, हा प्रश्न आपण विचारत नाही. आपल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे 'कॅग'ने, तो विचारला. सुखोई-३० एमकेआय हे आपल्या हवाई दलाचं सर्वांत मोठ्या संख्येचं लढाऊ विमान. ते ओझरला, नाशिकजवळ, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधलं गेलं. २०१५च्या डिसेंबरात कॅगचा अहवाल आला. ठरलेला दंडक असा, की ताफ्यातली ७५ टक्के विमानं कोणत्याही वेळी सुस्थितीत हवीत. प्रत्यक्षात होती ५५ ते ६० टक्के. म्हणजे शंभर विमानं विकत घेतली असं धरलं, तर चाळीस ते पंचेचाळीस हँगरमध्ये उभी. गोव्याचे मनोहर पर्रीकर तेव्हा संरक्षणमंत्री होते. धातुशास्त्र शिकलेला माणूस. नवी विमानं कधी येणार, या प्रश्नाइतकंच, आहेत ती किती उडतात, याबद्दलही ते बोलत. अशा गोष्टी बोलून दाखवणारे मंत्री फार नसतात, कारण त्यात फीत कापायची सोय नसते.

विमान उभं का राहतं? नेहमी मोठा बिघाड असतो असं नाही. एखादा पंप, एखादं सील, एखादा तारांचा जुडगा. भाग निकामी झाला की मागणीपत्र, मग मंजुरी, मग किमतीची घासाघीस, मग ऑर्डर, मग परदेशातून माल येण्याची वाट. वर्ष, दीड वर्ष सहज जातं. तोवर शेजारच्या विमानाचा तोच भाग काढून याला लावतात. इंग्रजीत त्याला 'कॅनिबलायझेशन' म्हणतात. नरभक्षणासाठीचाच शब्द. एसटीच्या डेपोत आणि गावातल्या ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्येही हेच चालतं, फक्त शब्द इतका भयंकर नसतो. 'याचं काढून त्याला लाव' एवढंच. त्यात एक विमान उडतं आणि दुसरं कायमचं सुट्या भागांचं दुकान होऊन बसतं.

या पद्धतीतली खरी गोम वेगळीच आहे. भाग बिघडला की विकणाऱ्याचा धंदा होतो. वारंवार बिघडला तर वारंवार होतो. मी कुणाच्या इमानावर शंका घेत नाही. पण पैशाचं गणित असं मांडलेलं असतं, की विमान उभं राहिलं तर चिंता फौजेची आणि कमाई पुरवठादाराची. चिंता एकीकडे आणि कमाई दुसरीकडे, असं झालं की कोणताच व्यवहार नीट चालत नाही.

यावर जगभरच्या लष्करांनी जो तोडगा काढला, त्याला इंग्रजीत 'परफॉर्मन्स बेस्ड लॉजिस्टिक्स' असं लांबलचक नाव आहे. भाग विकत घेऊ नका, दुरुस्तीही विकत घेऊ नका; 'तयार विमान' विकत घ्या. वर्षाला ठरलेली रक्कम कंपनीला द्या आणि सांगा, इतकी टक्के विमानं कायम उडण्याच्या स्थितीत दिसली पाहिजेत. दिसली तर पूर्ण पैसे, कमी दिसली तर कापणार. कोणता भाग किती मागवायचा, कुठे साठवायचा, कधी बदलायचा, ते कंपनीनं पाहावं.

हे ऐकून तुमच्यातल्या खेड्यातल्या वडीलधाऱ्यांना काही आठवलं असेल. बलुतं! सुताराला, लोहाराला दुरुस्तीचे पैसे नगावर मिळत नसत. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे, आणि त्या बदल्यात कुणब्याचा नांगर, कुळव, मोट वर्षभर चालती ठेवायची. नांगर दहा वेळा मोडला काय आणि एकदाच मोडला काय, बलुतं तेवढंच. म्हणून शहाणा सुतार पहिल्यांदाच बाभळीचं पक्कं लाकूड घालून देई. एवढ्यापुरताच हा दाखला आहे, हे लगेच सांगतो. बलुतेदारीचे गोडवे मला गायचे नाहीत. ज्याच्या हाती धान्याचं माप त्याच्याच हाती न्याय, आणि सोडून जायला वाट नाही, अशी ती व्यवस्था होती.

आधुनिक काळात ही कल्पना विमानाच्या इंजिनांपासून सुरू झाली. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल सिडली या कंपनीनं १९६२ साली आपल्या 'व्हायपर' इंजिनासाठी एक योजना काढली. इंजिन जितके तास उडेल त्या तासांचे ठरलेले पैसे द्या, देखभाल आणि बदली आमच्याकडे. तिला नाव दिलं 'पॉवर बाय द अवर', ताशी ताकद म्हणा. पुढे ही कंपनी रोल्स रॉइसमध्ये गेली आणि ती पद्धत नागरी विमान कंपन्यांत रुळली. लष्करं मागून आली. अमेरिकेनं २००१ सालच्या आपल्या संरक्षण आढाव्यात हे धोरण म्हणून स्वीकारलं. ब्रिटननं टोर्नेडो विमानांसाठी २००६ साली बीएई सिस्टिम्सशी दहा वर्षांचा, ९४ कोटी ७० लाख पौंडांचा करार केला. मारहॅमच्या तळावर हवाई दलाचे आणि कंपनीचे तंत्रज्ञ एकाच हँगरमध्ये, एकाच ओळीत काम करू लागले.

पैसे वाचले का? वाचले. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसनं २००७ साली हिशेब मांडला. टोर्नेडो आणि हॅरियर या दोन विमानांच्या देखभालीवर २००१-०२ मध्ये ७१ कोटी १० लाख पौंड खर्च होत होते. २००६-०७ मध्ये तो खर्च ३२ कोटी ८० लाखांवर आला. निम्म्याहून कमी. यात करारांच्या नव्या पद्धतीचा वाटा होता, तसा हँगरमधल्या कामाची शिस्तशीर मांडणी केल्याचाही होता. पण ही बचत कागदावरची नव्हती.

कंपनीची बुद्धी या करारानं कशी बदलते ते पाहण्यासारखं आहे. काल जो भाग तिचा विक्रीचा माल होता, तो आज तिचा खर्च होतो. मग तिचे अभियंते शोधू लागतात, की हा पंप दर चारशे तासांना का जातो? दुप्पट टिकेल असा करता येईल का? कालपर्यंत हे संशोधन करण्यात तिचा तोटा होता. भाग कुठल्या तळावर जास्त लागतात, पावसाळ्यात कोणते जातात, याच्या नोंदी ती आपणहून ठेवू लागते. फौजेचा हवालदार वर्षानुवर्षं हेच कळवत होता. त्याचा कागद आता कुणीतरी वाचतं.

आपल्याकडे याची सर्वांना ठाऊक असलेली मिसाल म्हणजे राफेल. २३ सप्टेंबर २०१६ रोजी ३६ विमानांचा करार झाला. त्याच्या किमतीवर केवढा गदारोळ झाला ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या गोंगाटात एक कलम कुणी फारसं वाचलं नाही. पाच वर्षांपर्यंत ताफ्यातली ७५ टक्के विमानं सज्ज राहतील, याची हमी विकणाऱ्यांनी दिली होती. म्हणजे ३६ पैकी २७. मला विचाराल, तर त्या करारातला सामान्य माणसानं नीट वाचावा असा भाग तो होता. पुढे १ ऑक्टोबर २०२०पासून लागू झालेल्या संरक्षण खरेदीच्या कार्यपद्धतीत अशा करारांना रीतसर जागा मिळाली. हे परदेशी कंपन्यांपुरतंही राहिलं नाही. तटरक्षक दलासाठी १६ ध्रुव हेलिकॉप्टरांचा करार २०१७ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी झाला, त्यातही हीच पद्धत घातली होती. आणि २८ एप्रिल २०२५ रोजी नौदलासाठी २६ राफेल-मरीन घेण्याचा करार झाला, त्यातही ती आहे.

इथवर सगळं छान आहे. आता मी मघाशी म्हटलेल्या शब्दाकडे येतो. 'उपलब्ध'. ७५ टक्के विमानं उपलब्ध. उपलब्ध म्हणजे काय?

कवितेत एखादा शब्द दोन-तीन अर्थांनी झुलत राहिला तर आम्ही खूश होतो. कंत्राटात तो झुलला तर कुणाचा तरी जीव जातो. धावपट्टीवरून उठून पुन्हा उतरू शकतं ते विमान उपलब्ध? की रडार, क्षेपणास्त्रं, सगळं चालू असेल तेच? अमेरिकी लष्करात यासाठी दोन वेगवेगळे शब्द आहेत. 'मिशन कॅपेबल' म्हणजे नेमून दिलेल्या कामांपैकी निदान एक काम करू शकणारं विमान. 'फुली मिशन कॅपेबल' म्हणजे सगळी कामं करू शकणारं. मधला फरक फक्त 'फुली' या शब्दाचा, पण त्या एका शब्दात कितीतरी विमानं गळून पडतात. मग मोजायचं कधी? सकाळी सहाला की संध्याकाळी? वर्षाची सरासरी की रोजचा आकडा? वर्षाची सरासरी ७५ आली, पण ज्या पंधरवड्यात गरज होती त्यात ५० होती, तर कंपनीनं काम केलं की नाही? आणि मोजणार कोण? हे प्रश्न कुणी वकिली कावा म्हणून झटकू नयेत. पैसे ज्यावर द्यायचे ते मापच जर सैल असेल तर सगळा करार सैल.

मापाची ही अडचण नवीन नाही. आपल्या मुलखात तिच्यावर फार पूर्वी डोकं चालवलं गेलंय. अल्लाउद्दीन खिलजीच्या काळात सरदारांना ठरावीक घोडेस्वार तयार ठेवण्याबद्दल मोबदला मिळे. गणतीच्या दिवशी स्वार पुरे भरत, लढाईच्या दिवशी नसत. कारण घोडे उसने आणलेले असत. एकच घोडा दोघांच्या गणतीत उभा! म्हणून अल्लाउद्दीननं घोड्यांना डाग द्यायला, म्हणजे सरकारी छाप मारायला सुरुवात केली, आणि स्वाराचा हुलिया, त्याच्या चेहऱ्याचं वर्णन, दप्तरात लिहून ठेवायचं ठरवलं. अकबरानं १५७०च्या दशकात डागाची पद्धत पुन्हा जारी केली. तरीही मनसबदार आपल्या नोकराचाकरांना शिपायांचे कपडे चढवून हजेरीला उभे करतात, अशी तक्रार इतिहासकार बदायुनी करतोच. आजच्या भाषेत सांगायचं तर मनसब हाही एक प्रकारचा सज्जतेचा करार होता. आणि त्याची सगळी गंमत, सगळी फसवणूक आणि सगळा इलाज त्या गणतीत होता. डाग मारणारा माणूस बादशहाचा पगार खात होता, मनसबदाराचा नव्हे. एवढी गोष्ट त्यांनी पक्की ठेवली होती.

मापाचा दुसरा धोका जास्त सूक्ष्म आहे. जे मोजलं जातं त्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं आणि जे मोजलं जात नाही ते हळूहळू नजरेआड होतं. २ सप्टेंबर २००६ रोजी ब्रिटनचं 'निमरॉड' जातीचं एक विमान अफगाणिस्तानात कंदाहारजवळ हवेतच पेटलं. हवेत इंधन भरून घेतल्यानंतर काही मिनिटांत. चौदा माणसं गेली. वकील चार्ल्स हॅडन-केव्ह यांनी चौकशी केली आणि २००९ साली त्यांचा अहवाल आला. इंधन सांडून तापलेल्या नळीपर्यंत पोचलं, हे तात्कालिक कारण. पण त्यांनी बोट ठेवलं ते आधीच्या दशकावर. खर्चकपात, सतत बदलणारी रचना, धंद्याच्या भाषेतली उद्दिष्टं. या सगळ्यात विमान उडण्यालायक आहे का, हा साधा प्रश्न मागे पडला. विमानाच्या सुरक्षिततेचा जो मोठा दस्तऐवज कंपनीकडून करून घेतला होता, तो चौकटीत खुणा करण्याचं काम ठरला. विमान सुरक्षितच आहे, असं गृहीत धरून तो लिहिला होता. त्या अहवालानंतर ब्रिटननं लष्करी विमानांच्या सुरक्षेसाठी वेगळी, स्वतंत्र यंत्रणा उभी केली. त्या अपघाताला सज्जतेचा करार जबाबदार होता असं मी म्हणत नाही. तसं कुणी म्हटलेलंही नाही. पण आकडा गाठायचाय, या एकाच घाईत असलेल्या माणसाला इंधनाचा ओघळ दिसत नाही, हे त्या चौदा माणसांच्या चौकशीतून कळतं. सज्जतेचे पैसे आणि सुरक्षिततेची सही ही एकाच हातात असू नये.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. शांततेच्या दिवसांत करार चालतो. युद्धात काय?

त्यासाठी मला शिवकालातले दोन शब्द लागतील. बारगीर आणि शिलेदार. बारगीर म्हणजे ज्याचा घोडा आणि हत्यारं सरकारची. शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येतो आणि त्याप्रमाणे जादा मोबदला घेतो. घोडा राखायची, खरारा करायची, दाणावैरणीची सगळी जबाबदारी त्याची. राज्य पैसे मोजतं ते तयार स्वाराचे. महाराजांचा कल बारगिरांकडे, म्हणजे सरकारी पागेकडे होता. सभासद बखरीत त्या पागेची रचना दिलेली आहे. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, एक पखालजी आणि एक नालबंद. पखालजी पाण्यासाठी आणि नालबंद घोड्याच्या टापांसाठी. रसद आणि दुरुस्ती ही पंचवीस घोड्यांच्या अंतरावर, घरातच ठेवलेली.

पुढे पेशवाईत शिलेदारांची संख्या वाढत गेली. शिलेदार राज्याला सोयीचा होता. पागेचा खर्च नाही, साठा नाही, कारकून कमी. पण त्याचा घोडा लढाईत पडला तर नुकसान त्याच्या घरचं. म्हणून ऐन मोक्याला तो घोडा जपायचा, अशी नोंद त्या काळाबद्दल लिहिणाऱ्यांनी केली आहे. त्याला भित्रा म्हणू नका. हिशेब त्याला तसं वागायला लावत होता.

इंग्रजांनी हीच पद्धत उचलली आणि तिचं इंग्रजी स्पेलिंग केलं, 'सिलादार'. आपल्या घोडदळाच्या बहुतेक पलटणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत याच पद्धतीनं चालत. १८१७ साली उभी राहिलेली पूना हॉर्सही त्यातलीच. भरती होताना स्वारानं 'असामी'ची रक्कम भरायची, आणि मग दरमहा मिळणाऱ्या पगारातून घोडा, खोगीर, कपडे, वैरण सांभाळायची. सरकार बंदुका आणि काडतुसं देई. पलटणीचे सगळे व्यवहार पलटणीतच. पन्नास-साठ वर्षं हे इतकं स्वस्तात आणि नीट चाललं, की सरकारी हिशेबनीसांना त्याचं फार कौतुक होतं.

मग १९१४ आलं. पलटणी बोटीत बसून फ्रान्सला गेल्या, पुढे मेसोपोटेमियाला. तिथे माणसं आणि घोडे पडू लागले ते कुणीच हिशेबात धरलं नव्हतं अशा वेगानं. नवा रंगरूट असामीचे पैसे भरून, आपला घोडा घेऊन फ्रान्सला कसा पोचणार? बदली घोडा कुणी द्यायचा, वाटेत बुडाला तर कुणाचा, समुद्रापलीकडे चारा कुणी पोचवायचा, हे कशातच लिहिलेलं नव्हतं. शेवटी सगळं सरकारला आपल्या अंगावर घ्यावं लागलं. युद्ध संपल्यावर ही पद्धतच मोडीत काढली. घोडदळाच्या ३९ पलटणींच्या २१ केल्या गेल्या आणि शिलेदार हा शब्द फक्त आडनावात उरला. पूना हॉर्सकडे पुढे रणगाडे आले. १९७१च्या बसंतरच्या लढाईत ते लढले. रणगाडा काही कुणी शिलेदार घरून आणू शकत नाही.

म्हणून सज्जतेच्या कराराला मी पहिला प्रश्न १९१४चा विचारतो. रोजच्या उड्डाणांच्या तिप्पट उड्डाणं दोन महिने करावी लागली तर ही हमी टिकेल का? कंपनीचा देश त्या युद्धाबद्दल नाराज असेल तर त्याचे तंत्रज्ञ येतील का? भाग घेऊन येणारी विमानं निघतील का? करारात शांततेचा भाव लिहिणं सोपं असतं.

दुसरा प्रश्न ज्ञानाचा. एफ-३५ हे अमेरिकेच्या सगळ्यात महागड्या शस्त्रास्त्र कार्यक्रमातलं विमान. त्याची देखभाल जवळजवळ कंपनीच्याच हाती आहे. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं, की त्या वर्षीच्या मार्चमध्ये यातली फक्त ५५ टक्के विमानं 'मिशन कॅपेबल' होती. आणि एक गोष्ट अशी सांगितली, की लष्कर कंपनीवर नको इतकं अवलंबून आहे, कारण दुरुस्तीला लागणारी तांत्रिक माहितीच लष्कराकडे पुरेशी नाही. विमान आपलं, पण ते उघडायचं कसं याचा कागद दुसऱ्याच्या कपाटात. जगातल्या सगळ्यात श्रीमंत फौजेची ही गत.

याच अमेरिकेतला उलटा दाखलाही आहे. २०१८ साली संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांनी हुकूम काढला, की मुख्य लढाऊ विमानं वर्षभरात ८० टक्के सज्ज पाहिजेत. नौदलाची सुपर हॉर्नेट विमानं कित्येक वर्षं अडीचशेच्या आसपासच घुटमळत होती. नौदलानं नागरी विमान कंपन्या काम कसं करतात ते जाऊन पाहिलं, स्वतःच्याच कारखान्यांत कामाची मांडणी बदलली, भाग हाताशी ठेवले, अडलेल्या विमानाची जबाबदारी एकेका माणसावर टाकली. २०१९च्या सप्टेंबरात ३४१ सज्ज विमानांचं उद्दिष्ट गाठलं. म्हणजे घरातलीच माणसं, घरातलेच कारखाने, फक्त कुणीतरी रोज विचारणारं होतं. करार हा एकच रस्ता नाही.

माझ्या आजोळी दोन पिढ्यांपूर्वी नालबंदीचा धंदा होता. टांगे गेले तसा धंदा गेला. आजोबांबद्दल घरात सांगत, की नाल ठोकण्याआधी ते खूर मांडीवर घेऊन बोटानं चारी बाजूंनी दाबून पाहायचे. खिळा नखात जायला हवा, आत जिवंत मांसाला लागला की जनावर लंगडलं. ते बोट त्यांच्या मुलांकडे आलं नाही, कारण मुलांनी खूर हातात धरलंच नाही. एका पिढीत संपलं. पुन्हा शिकवणारं कुणी नव्हतं.

आपल्याकडे अशी बोटं आहेत. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपूरला आहे. ओझरला कारखान्याच्या शेजारीच हवाई दलाचा स्वतःचा दुरुस्ती डेपो आहे. अकरा नंबरचा बेस रिपेअर डेपो. तिथे सुखोईसारखं विमान पूर्ण उघडून, स्क्रू न् स्क्रू तपासून पुन्हा बांधलं जातं. खडकीला लष्कराचं बेस वर्कशॉप आहे. लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीच्या शिफारशींनंतर २०१७ पासून अशा वर्कशॉपांचं काय करायचं, ती खासगी कंपन्यांना चालवायला द्यायची का, यावर वाद झाला. कामगार संघटना विरोधात उभ्या राहिल्या. त्यांच्या विरोधाला नोकरी टिकवण्याची धडपड म्हणून हिणवलं गेलं. नोकरीचा प्रश्न होताच, त्यात लाजण्यासारखं काय? पण त्या हातांत जे कसब आहे त्याची किंमत कुठल्याही निविदेत लिहिलेली नसते, हेही खरं.

माझं मत विचाराल तर सज्जतेचे करार करावेत. सुटे भाग नगानगानं विकत घेण्याची जुनी पद्धत आपल्याला चाळीस टक्के उभी विमानं देऊन गेली. तिच्यासाठी रडायचं कारण नाही. पण करारात आपली माणसं कंपनीच्या माणसांबरोबर त्याच हँगरमध्ये पाना धरून उभी असली पाहिजेत, मारहॅमसारखी. दुरुस्तीचे कागद आपल्या कपाटात आले पाहिजेत, पाच वर्षांनी आणखी पैसे मोजून नव्हे, पहिल्याच दिवशी. आणि डाग मारणारा सरकारी पगारावरचा हवा. यासाठी सुरुवातीला जास्त पैसे पडतील. पडू द्यावेत. पाच वर्षांची हमी संपते तेव्हा दुसऱ्या कुणाकडे जायची सोय नसेल, तर कंपनी पुढच्या पाच वर्षांचा जो भाव सांगेल तो गुपचूप द्यावा लागतो. खळ्यावर माप ज्याच्या हातात, त्याची ती जुनी गोष्ट इथे उलट्या बाजूनं लागू पडते.

राफेल-मरीनचा करार आपल्याला वाचायला मिळणार नाही. सगळा मिळूही नये, शत्रूही वाचतो. पण कॅगचे हिशेबनीस तो कधीतरी वाचतील आणि त्यांचा अहवाल संसदेपुढे येईल. तेव्हा मी तरी विमानांची किंमत आधी पाहणार नाही. 'उपलब्ध' या शब्दाची व्याख्या कुठे दिली आहे ते शोधीन, आणि गणतीच्या रजिस्टरावर सही कुणाची आहे, ते पाहीन.